संजीवचं चौदा पानी पत्रक

संजीव रामटेकेला एखादी साधी गोष्ट विचारून बघा. "काय रे, श्रीलंकेला जाताना छत्री न्यावी का?" बस, एवढंच. हो म्हण, नाही म्हण, विषय संपला. पण छे! दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस दारात हजर. हातात स्टेपल केलेले कागद, आणि वर म्हणणार, "वहिनी, छत्री पान चारवर आहे. पण आधी पहिलं वाचा, नाहीतर चौथं कळणार नाही." माझ्या डोक्यात जायचा तो. अगदी खरं सांगते, डोक्यात जायचा.

मी पद्मिनी, मूळची पुण्याची, अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरला येऊन बावीस वर्षं झाली. माझा नवरा विष्णू आणि संजीव एकाच फॅबमध्ये कामाला आहेत, चिप बनवतात तिथं. विष्णू मशीन सांभाळतो, संजीव सूचना लिहितो. फॅबमध्ये शिरताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालावा लागतो, धुळीचा कणसुद्धा आत जाता कामा नये म्हणून. आधी टोपी, मग सूट, मग बूट, हा क्रम कुणीतरी कागदावर लिहून ठेवावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे संजीव. सोळा वर्षं हेच करून त्याचं डोकंच तसं झालंय. चहा कसा करायचा हेसुद्धा तो नऊ पायऱ्यांत सांगेल, आणि पायरी सहाला "गॅसजवळून हलू नका" असं लिहील.

आमच्या मंडळाच्या गणपतीत पार्किंगचं पत्रक त्याचंच असतं. आरती सुरू झाली की हा बाहेर, बेचाळीस डिग्रीत, लोकांच्या गाड्या लावून देत उभा. मला वाटायचं, याला गर्दी आवडत नसेल. त्याच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धाची मूर्ती आहे, मी वीस वेळा त्या सोफ्यावर बसून चहा प्यायलेय, पण त्याला कधी विचारलं नाही की तू आत का येत नाहीस. विचारायला काय जात होतं माझं?

तर श्रीलंका. हा त्याचा खास विषय. आमच्या भागातलं कुठलंही मराठी कुटुंब श्रीलंकेला निघालं की संजीवचं पत्रक त्यांच्या बॅगेत जायचंच. पासपोर्ट निदान सहा महिने शिल्लक हवा. व्हिसाचा अर्ज सरकारी वेबसाइटवरच करा. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, शक्यतो पांढरे कपडे. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. भन्तेजींच्या पाया पडायचं तर बायकांनी लांबून, हात लावायचा नाही, आपल्याकडे सवयीनं लगेच पायाला हात जातो म्हणून मुद्दाम लिहितो आहे. पौर्णिमेला दारू मिळत नाही. दुबईवरून जात असाल तर खसखस अजिबात नको, तिथं बंदी आहे, आणि अनारशांनाही खसखस असते हे विसरू नका.

अनारशांपर्यंत पोचलेला माणूस! आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पार्टीत कुणीतरी ते पत्रक मोठ्यानं वाचायचं, कीर्तनकाराच्या थाटात. "अनुराधपूरला दक्षिणेकडच्या पायऱ्यांना कठडा डाव्या हाताला आहे. डाव्या पायानं सुरुवात करा. अकराव्या पायरीवर थांबा, सावली असते." अरे, पायऱ्या चढायला कुणाला शिकवतोस तू? संजीव पण हसायचा आमच्याबरोबर. मग हळूच म्हणायचा, "पण वाचलं ना?"

आणि याच्यावर कडी म्हणजे हा पठ्ठ्या स्वतः श्रीलंकेला कधी गेलेलाच नाही. लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघायचा, थांबवून थांबवून, आणि त्यातल्या पायऱ्या मोजायचा.

का गेला नाही? तर 'डेट'. आमच्याकडे दोन देशी भेटले की हवापाण्याच्याही आधी विचारतात, "डेट लागली का?" ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख. आमची वेळेत लागली, नशीब म्हणायचं, आता तर नागरिकत्वही झालं. संजीव आमच्यानंतर तीनच वर्षांनी रांगेत लागला आणि तिथंच उभा राहिला. दर महिन्याला सरकारचं नवं बुलेटिन येतं, याची तारीख दोन आठवडे पुढं सरकते, पुढच्या महिन्यात तीन आठवडे मागं. तोवर देश सोडायचा तर परत येताना पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, शिक्क्यासाठी मुलाखत, आणि मुलाखतीची तारीख मिळता मिळेना. तेवढ्यात नोकरी गेली म्हणजे सगळंच गेलं. वडील वारले तेव्हा हा चँडलरमध्ये बसून फोनवर अंत्ययात्रा बघत होता. बायको वीणा चार वर्षांपूर्वी वेगळी होऊन न्यू जर्सीला गेली. घरात हा आणि त्याची केया, सतरा वर्षांची, इथंच जन्मलेली. काय बोलणार? मला तर त्या बुलेटिनचं नाव काढलं तरी संताप येतो, आणि संजीव शांतपणे म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू, वहिनी."

यंदा मे महिन्यात आम्ही श्रीलंकेची तिकिटं काढली. मी मुद्दामच त्याला सांगितलं नव्हतं. पण विष्णूच्या पोटात काही राहत नाही. शनिवारी सकाळी बेल वाजली आणि संजीव आत आला, हातात चौदा पानं. यावेळी मात्र बसला नाही लगेच. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"वहिनी, एक काम होतं. माझी आई येईल नागपूरहून. कोलंबोला तुम्हाला भेटेल. अनुराधपुरात दोन दिवस तुमच्याबरोबर राहील. फक्त दोन दिवस."

सुलभाताई, त्याची आई. सत्त्याहत्तर वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या दिवशी पहिल्यांदा संजीव मला स्वतःबद्दल काहीतरी सांगत बसला. नागपूरला दीक्षाभूमीवर बोधिवृक्ष आहे. त्याचं रोप अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षापासून आणलेलं. सुलभाताई तरुणपणापासून त्या झाडाखाली जात आल्यात. संजीव पोटात असतानाही जायच्या. आणि त्यांचं एकच म्हणणं, "या झाडाची आई तिकडे आहे. संजू, तिला एकदा मला दाखव." संजीवनं कबूल केलं होतं, ग्रीन कार्ड झालं की पहिला प्रवास तोच. तेरा वर्षं झाली त्याला. आता त्यांचे गुडघे गेलेत, जुनी शुगर आहे, आणि डॉक्टर म्हणाले, यंदा जायचं तर जा, पुढच्या वर्षी मी परवानगी देणार नाही.

"मी नेणार होतो," संजीव म्हणाला. "पण केयाचं बारावीचं वर्ष. आता मी अडकलो तर तिचं काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अरे, त्यात काय विचारायचं? तुझी आई ती माझी आई." बोलायला काय लागतं! जिभेला हाड नसतं.

मग त्यानं पत्रक उघडलं आणि मी पुन्हा वैतागले. पांढऱ्या कपड्यांपाशीच आमचं अडलं. मी म्हटलं, "पांढरी साडी मी नाही बाबा नेसणार, नवरा जिवंत आहे माझा." तो म्हणाला, "वहिनी, नवरा तुमचा रोज बारा तास पांढऱ्यातच असतो." विष्णू खो खो हसला. पान सहापर्यंत आम्ही पोचलो असू, तेवढ्यात मला सामानाला कॉस्टकोला जायचं होतं. मी म्हटलं, "ठेवून जा, मी सगळं वाचते." तो दारापर्यंत गेला, परत वळला. "पान नऊ तेवढं नक्की वाचा, वहिनी. उन्हाचं आहे."

उन्हाचं! मी दार लावलं आणि विष्णूला म्हटलं, "हा आता चँडलरच्या माणसाला ऊन शिकवणार!" एकशे पंधरा फॅरनहाइटमध्ये राहतो आम्ही. स्टीअरिंगला हात लावला की चटका बसतो. आम्हाला काय ऊन सांगतोस? पत्रक फळांच्या टोपलीखाली सरकवलं आणि ते तिथंच राहिलं. आता कळतंय की आम्ही ऊन बघतो ते गाडीच्या काचेतून. घरातून गॅरेज, गॅरेजमधून गाडी, गाडीतून दुकान. बावीस वर्षांत माझा उघडा पाय एकदाही उन्हातल्या फरशीवर पडलेला नाही.

कोलंबोच्या विमानतळावर सुलभाताई व्हीलचेअरवरून आल्या. पांढरीशुभ्र साडी, निळा काठ, आणि आवाज वर्गाला गप्प करणारा. "जय भीम, पद्मिनी. अवो, उठवा मले यातून, मी काय आजारी आहो का?" दोन दिवसांत आमची छान गट्टी जमली. मला वाटलं होतं, म्हातारीला सांभाळावं लागेल. उलट त्याच मला सांभाळत होत्या.

अनुराधपूरला झाडाकडे पहाटेच निघायचं होतं. पण हॉटेलचा नाश्ता होता, विष्णूला ती वाटीसारखी अंड्याची धिरडी आणखी दोन हवी होती, मग माझी साडी. हो, शेवटी नेसले पांढरी. सगळं होऊन फाटकाशी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. चपला बाहेर काढल्या. झाडापाशी गेलो तेव्हा सावली होती, वारा होता. सोन्याचा कठडा, आणि वर टेकू दिलेल्या त्या म्हाताऱ्या फांद्या. सुलभाताई हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "आपल्याकडच्या झाडाची पानं अशीच आहेत. अगदी अशीच." एक पान त्यांच्यासमोर येऊन पडलं. ते त्यांनी पदराला पुसून डायरीत ठेवलं. मी म्हटलं, द्या माझ्याजवळ, मी संजीवला देते. "नाही," त्या म्हणाल्या. "संजू येईल तेव्हा मी माझ्या हातानं देईन."

त्यांना जवळच्या मोठ्या स्तूपाला प्रदक्षिणा घालायची होती. भर दुपारी. सगळीकडे दगडी फरशी, आणि ती तव्यासारखी तापलेली. मी चार पावलं टाकली आणि "आई गं!" करत पळाले सावलीला. विष्णू तर नाचतच सुटला. सुलभाताई मात्र शांतपणे चालत होत्या. एक एक पाऊल, हात जोडलेले, ओठ हलतायत. मी सावलीतून ओरडले, "अहो काकू, या इकडे! पाय भाजतील!"

त्यांनी मागं वळून हसत उत्तर दिलं. "मले नाही भाजत बाई! नागपूरचं ऊन कुठं पाहिलं तुम्ही पुण्याच्या लोकांनी!"

आणि मी काय केलं? मी फोन काढला आणि त्यांचा व्हिडिओ घेतला. विष्णूला म्हटलं, "बघ, याला म्हणतात श्रद्धा." व्हिडिओ संजीवला पाठवला. वर लिहिलं, 'तुझ्या आईला चटकेसुद्धा बसत नाहीत!' इथं चँडलरला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, संजीव झोपलेला. पूर्ण प्रदक्षिणा झाली. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते, किती काळजी घेतेय अशा थाटात.

संध्याकाळी हॉटेलवर त्यांनी पाय वर घेतले, तेव्हा दिसलं. दोन्ही तळव्यांना टम्म फोड, उजव्या अंगठ्याखालची कातडी तर सुटलेली. त्या स्वतःच बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तशा. "अगं, हे केव्हा झालं?" म्हणाल्या. त्यांना कळलंच नव्हतं. पंचवीस वर्षांची शुगर. पायांना काही कळायचं केव्हाच बंद झालं होतं. माझ्या फोनवर तोवर संजीवचे सतरा मिस्ड कॉल येऊन पडले होते.

दवाखाना झाला, ड्रेसिंग झालं, तिसऱ्या दिवशी त्यांना नागपूरच्या विमानात बसवलं. आम्ही पुढं समुद्रकिनाऱ्यावर गेलो. हो, गेलो. तिकिटं काढलेली होती ना! तिथं चार दिवस मी वाळूत चप्पल घालून बसले होते.

परत आलो त्या दिवशीच मी संजीवकडे गेले. म्हटलं, ओरडेल, बोलेल, दोन शब्द सुनावेल, मोकळी होईन. तर या बाबानं चहा ठेवला. गॅसजवळून हलला नाही. मग विचारलं, "झाड बघितलं ना तिनं नीट?"

"बघितलं."

"किती वेळ उभी होती?"

"अर्धा तास तरी."

त्यानं मान हलवली. बस. अरे, ओरड ना माझ्यावर! मला भयंकर राग आला त्याचा. एवढं चांगलं असू नये माणसानं, समोरच्याला तोंड लपवायला जागा राहत नाही. मी चहा न पिताच घरी आले आणि फळांच्या टोपलीखालून ते पत्रक ओढून काढलं. सगळं वाचलं, पहिल्या पानापासून. कठडा डाव्या हाताला, कारण सुलभाताईंचा उजवा गुडघा उचलत नाही. अकराव्या पायरीवर थांबा, कारण त्यांना तिथं दम लागेल. आठ-दहा वर्षं आम्ही ज्या पायऱ्यांना हसत होतो, त्या त्यानं कुठल्याच पर्यटकासाठी मोजल्या नव्हत्या. पत्रक एकाच बाईसाठी होतं. आम्ही आपले मधल्या मधे वापरत होतो.

पान नऊ. 'सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जावे. जाड पांढरे मोजे चालतात, आईच्या बॅगेत निळ्या पिशवीत दोन जोड आहेत. आईच्या पायांना कळत नाही. ती "नाही भाजत" म्हणेल. ऐकू नका.'

निळी पिशवी मी पाहिली होती. त्यांच्या साड्या मी माझ्या हातानं बॅगेत भरल्या होत्या.

जुलैच्या मध्यावर नागपूरला त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली. जखम भरेना. डॉक्टर घोट्यापर्यंतचं बोलायला लागले. आणि सुलभाताई फोनवर, त्याच खणखणीत आवाजात, "मले काही नाही झालं. तू येऊ नको संजू. तुझी नोकरी सांभाळ."

त्या संध्याकाळी संजीव आमच्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, मी निघतोय, परवा." चार आठवड्यांची रजा होती. शिक्क्याच्या मुलाखतीची तारीख जानेवारीतली मिळाली होती. मधलं सगळं अधांतरी. तेरा वर्षं ज्या भीतीनं तो या देशाबाहेर पडला नव्हता, ती सगळीच्या सगळी आता पदरात घेऊन चालला होता.

विष्णू म्हणाला, "अरे यार, जरा विचार कर. काकू स्वतः नको म्हणतायत ना?"

"ती नको म्हणते म्हणूनच जायचं," संजीव म्हणाला.

केया आमच्याकडे राहणार होती. शाळा सुरू झालेली, तिला हलवणं शक्य नव्हतं. मी पुढं होऊन म्हटलं, तिला माझ्याकडे ठेव. त्यानं माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाला असता तरी मी काय बोलणार होते? पण तो "बरं" म्हणाला.

विमानतळावर मीच सोडायला गेले. केया मागच्या सीटवर, कानात हेडफोन. टर्मिनलपाशी उतरून तिनं बापाला मिठी मारली. "आय अ‍ॅम फाइन, बाबा. गो." डोळे कोरडे, आवाज सरळ. मला वाटलं, किती समजूतदार पोरगी आहे.

संजीवनं बॅग घेतली, पाठीवरच्या सॅकमधून स्टेपल केलेले कागद काढले आणि माझ्या हातात दिले. वीस-बावीस पानं असतील. वर लिहिलं होतं, 'केया'.

"वाचाल ना, वहिनी?"

मी मान हलवली. तो काचेच्या दारातून आत गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. तिथं गाडी थांबवू देत नाहीत, म्हणून केयाला मागं बसवून मी पार्किंगच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेऊन लावली, एसी सुरू ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीशीच थांबले.

'केया "आय अ‍ॅम फाइन" म्हणेल. ऐकू नका.'

मी मागं वळून बघितलं. हेडफोन कानात तसेच होते. गाणं मात्र कुठलंच सुरू नव्हतं, फोन मांडीवर बंदच होता, आणि केया खिडकीकडे तोंड करून रडत होती.